मायक्रोकंट्रोलरमध्ये अचूक डिले कसा मिळवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिले लिहायला बसण्याआधी काय ठरवायचं?

नक्की कोणती वेळ पाळायची आहे, ते. डिले म्हणजे प्रोग्रामला मुद्दाम थांबवणं. त्यामागे तीन गरजा असतात आणि तिघींना आपण ‘डिले’ याच एका नावाने हाक मारतो, तिथूनच घोटाळा सुरू होतो.

पहिली गरज ‘निदान इतका वेळ थांब’ अशी असते. कॅरेक्टर एलसीडीला स्क्रीन पुसायची आज्ञा दिली की सुमारे १.५ मिलिसेकंद त्याला हात लावायचा नसतो. तुम्ही २ थांबलात, ५ थांबलात, तरी काही बिघडत नाही. कमी थांबलात तर मात्र अक्षरं गळतात. दुसरी गरज ‘दर इतक्या वेळाने कर’ अशी. दर १० मिलिसेकंदांनी एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग) वाचायचा असेल तर एखादी फेरी थोडी मागेपुढे झालेली चालते, पण चूक साचत जाता कामा नये. तिसरी गरज सगळ्यात कडक: ‘पल्स (पिन वर जाऊन खाली येणं) बरोबर इतक्याच रुंदीचा हवा’. सर्वो मोटरचा १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स किंवा रंगीत एलईडी पट्टीचे डेटा बिट या वर्गात मोडतात.

पहिल्या गरजेला साधा डिले पुरतो. दुसरीला टायमर लागतो. तिसरीत शक्य असेल तिथे पिन हलवायचं काम सॉफ्टवेअरकडून काढून हार्डवेअरकडे द्यावं. मला येणाऱ्या निम्म्याहून जास्त शंका या तीन गरजांची सरमिसळ झाल्यामुळे आलेल्या असतात, म्हणून हे सगळ्यात आधी.

रिकामा फॉर लूप लिहिलाय आणि एलईडी व्यवस्थित लुकलुकतोय. मग त्यात वाईट काय?

आज लुकलुकतोय. कंपायलरच्या (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) दृष्टीने रिकामा लूप म्हणजे ज्याचा परिणाम कुठेच दिसत नाही असं काम. ऑप्टिमायझेशन चालू केलं की तो अख्खा लूप उडवून टाकतो, आणि भाषेचे नियम त्याला ती मुभा देतात. डीबग बिल्डमध्ये चालणारं, रिलीज बिल्डमध्ये बंद पडणारं यंत्र बरेचदा याच कारणाने बंद पडलेलं असतं.

मोजणीच्या व्हेरिएबलला व्होलटाइल केलं (‘हे उडवू नकोस’ असं कंपायलरला सांगितलं) की लूप टिकतो, पण एका फेरीला किती सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) लागतील हे तरीही तुमच्या हातात राहत नाही. कंपायलरची आवृत्ती बदलली, ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली, की आकडा बदलतो. प्रयोगाने जुळवलेला ‘५००० फेऱ्या म्हणजे साधारण १० मिलिसेकंद’ हा आकडा त्या एका बिल्डपुरताच खरा असतो.

मग सायकल मोजून डिले कसा करतात?

असेंब्लीत (चिपच्या सूचना एकेक करून लिहायच्या भाषेत), आणि हे निदान एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावं असं माझं ठाम मत आहे. घड्याळाचा एकेक ठोका कुठे खर्च होतो ते एकदा दिसलं की पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या होतात.

१६ मेगाहर्ट्झवर चालणारा एटीमेगा ३२८पी (आर्डुइनो उनोवरची एव्हीआर जातीची चिप) घ्या. एक सायकल ६२.५ नॅनोसेकंदांची. आपल्याला १० मायक्रोसेकंद हवेत, म्हणजे बरोबर १६० सायकल. लूपमध्ये दोनच सूचना आहेत: रजिस्टर (चिपमधली आकडा ठेवायची छोटी जागा) एकाने कमी करणारी डेक, आणि शून्य झालं नसेल तर मागे उडी मारणारी बीआरएनई. डेकला १ सायकल लागते. बीआरएनईने उडी मारली तर २, नाही मारली तर १. म्हणजे प्रत्येक फेरीला ३ सायकल आणि शेवटच्या फेरीला २. रजिस्टरमध्ये सुरुवातीचा आकडा भरणाऱ्या एलडीआयला १ सायकल लागते, ती शेवटच्या फेरीतली तूट भरून काढते. हिशेब स्वच्छ होतो: आकडा जितका, त्याच्या तिप्पट सायकल.

१६० ला ३ ने भागलं तर ५३ येतात आणि १ उरतो. तेव्हा ५३ भरा आणि शेवटी एक नोप (एक सायकल नुसती घालवणारी सूचना) टाका. १६० झाले.

हेच सबरूटीन (हाक मारून वापरायचा वेगळा तुकडा) म्हणून लिहिलं तर आत जायला आरकॉलच्या ३ आणि परत यायला रेटच्या ४ सायकल लागतात. ७ वजा केल्यावर १५३ उरतात, आणि १५३ म्हणजे ३ गुणिले ५१. आता नोपचीही गरज नाही. जाण्यायेण्याचा हा खर्च विसरला तर १० मायक्रोसेकंदांच्या डिलेत ४ टक्क्यांहून जास्त चूक येते. १० मिलिसेकंदांच्या डिलेत तोच खर्च कुणाच्या लक्षातही येत नाही. डिले जितका लहान, तितका वरखर्च मोठा.

आठ बिटांच्या रजिस्टरमध्ये जास्तीत जास्त २५६ फेऱ्या बसतात (त्यासाठी शून्य भरायचं), म्हणजे ७६८ सायकल, ४८ मायक्रोसेकंद. त्यापुढे दोन रजिस्टरांचा लूप घ्यायचा. तिथे फेरीला ४ सायकल धरल्या तर १६ मिलिसेकंदांच्या थोडं पुढे जाता येतं.

८०५१ वर आणि पिकवर हाच हिशेब चालेल का?

८०५१ आणि पिक याही मायक्रोकंट्रोलरच्याच जाती. रीत तीच, आकडे वेगळे. मूळ ८०५१ मध्ये क्रिस्टलचे (घड्याळाचे ठोके देणाऱ्या भागाचे) १२ ठोके मिळून एक मशीन सायकल होते. १२ मेगाहर्ट्झवर ती बरोबर १ मायक्रोसेकंदाची, आणि डीजेएनझेडला (एक वजा करून, शून्य नसेल तर उडी मारणाऱ्या सूचनेला) २ मशीन सायकल लागतात. नव्या, वेगवान ८०५१ चिपमध्ये हे प्रमाण वेगळं असतं, म्हणून जुना कोड तिथे टाकला की डिले एकदम आखूड होतात. आठ बिटांच्या पिकमध्ये ४ ठोक्यांची एक सूचना-सायकल असते.

पुष्कळ ८०५१ बोर्डांवर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र दिसणारा क्रिस्टल असतो. त्याला १२ ने, मग ३२ ने, मग ३ ने भागून पाहा: बरोबर ९६०० येतात. सिरियल पोर्ट अचूक व्हावा म्हणून तो निवडलेला असतो. मात्र त्यावर मशीन सायकल १.०८५ मायक्रोसेकंदांची होते, तेव्हा १२ मेगाहर्ट्झसाठी लिहिलेले डिले तिथे साडेआठ टक्के लांबतात.

नोप टाकून बारीक जुळवणी करता येते का?

एव्हीआर, पिक, ८०५१ वर येते. आर्म कॉर्टेक्स-एमवर (एसटीएम३२ सारख्या चिपमधल्या प्रोसेसरवर) नोपच्या भरवशावर राहू नका. नोपने वेळ जाईलच अशी हमी आर्मची स्वतःची कागदपत्रंसुद्धा देत नाहीत.

तयार डिले फंक्शन वापरलं, तरी १ सेकंदाचे १६ सेकंद होतात. का?

१६ पट, ८ पट, २ पट अशी नेटकी चूक दिसली की क्लॉकच्या व्याख्येकडे पाहायचं. एव्हीआरचं तयार मिलिसेकंद डिले फंक्शन कंपाइल होतानाच सायकलींचा हिशेब मांडतं, आणि तो तुम्ही एफ-सीपीयू (चिपचा वेग) म्हणून सांगितलेल्या आकड्यावर मांडतं. चिप खरोखर किती वेगाने धावतेय हे त्याला कळायला मार्ग नाही. कोरा एटीमेगा ३२८पी कारखान्यातून येतो तेव्हा आतल्या ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालतो. तुम्ही १६ सांगितले, फ्यूज (चिपमधल्या टिकून राहणाऱ्या सेटिंग) बदलले नाहीत, की बरोबर १६ पट.

या फंक्शनला दोन गोष्टी लागतात: ऑप्टिमायझेशन चालू हवं, आणि दिलेला आकडा कंपाइल होतानाच ठरलेला हवा. चालू प्रोग्राममध्ये बदलणारं व्हेरिएबल द्यायचं असेल तर १ मिलिसेकंदाचा डिले लूपमध्ये हवा तितक्या वेळा फिरवा.

हिशेब चोख आहे, तरी मधूनच एखादा पल्स लांब होतो. हे कुठून येतं?

इंटरप्टमधून, म्हणजे हातातलं काम मध्येच थांबवून चिपला दुसऱ्या कामाकडे वळवणाऱ्या हाकेतून. आणि हे शब्दांत वाचण्यापेक्षा लॉजिक ॲनालायझरवर (पिन कधी वर-खाली झाली ते टिपणाऱ्या यंत्रावर) पाहण्यासारखं आहे.

मी डब्ल्यूएस २८१२ जातीच्या ६० एलईडींची पट्टी सायकल मोजून चालवत होतो. या एलईडींना एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांत द्यायचा असतो. १६ मेगाहर्ट्झवर म्हणजे फक्त २० सायकल. पिन सुमारे ०.४ मायक्रोसेकंद वर राहिली तर तो ० समजायचा, सुमारे ०.८ राहिली तर १. कोड दहा वेळा तपासला होता. तरी पट्टीवर मधेच कुठेतरी एखादा हिरवा ठिपका चमकून जायचा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी.

ट्रेस घेतला. शेकडो पल्स एकसारखे, कंगव्याच्या दातांसारखे. आणि त्यांत एकच पल्स काही मायक्रोसेकंद रुंद. पुढचा तसा पल्स शोधला आणि अंतर मोजलं तर ते १.०२ मिलिसेकंद निघालं. आर्डुइनोमध्ये मिलिस (सुरू झाल्यापासून गेलेले मिलिसेकंद) मोजणारा टायमर १६ मेगाहर्ट्झला ६४ ने भागून २५६ पर्यंत मोजतो, म्हणजे दर १.०२४ मिलिसेकंदांनी त्याचा इंटरप्ट येतो. पट्टीला सगळा डेटा जायला लागायचे १.८ मिलिसेकंद. प्रत्येक वेळी एखाददुसरा इंटरप्ट मध्ये पडणारच. ० चा बिट जाताना पिन वर असतानाच तो पडला की ० चा १ व्हायचा आणि त्या एलईडीचा रंग बदलायचा.

सायकल मोजून केलेला डिले ‘निदान इतका’ एवढंच वचन देतो. ‘इतकाच’ हे वचन इंटरप्ट बंद असल्याशिवाय त्याला देता येत नाही.

मग इंटरप्ट बंद करून टाकू का?

थोड्या वेळासाठी, हो. पण किंमत काय पडते ते पाहा. वरच्या उदाहरणात १.८ मिलिसेकंद इंटरप्ट बंद ठेवले तर त्यात टायमरचे बहुतेक वेळा दोन ओव्हरफ्लो (मोजणी भरून शून्यावर येणं) होतात. चिपजवळ लक्षात ठेवायला एकच फ्लॅग (खुणेचा बिट) असतो, म्हणून दुसरा हरवतो आणि मिलिसचं घड्याळ मागे पडत जातं. त्याच वेळी सिरियलवर १,१५,२०० च्या वेगाने डेटा येत असेल तर दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो. एव्हीआरच्या रिसीव्ह बफरमध्ये दोनच बाइट मावतात. बाकीचे गेले.

माझा नियम असा: काही दहा मायक्रोसेकंदांपर्यंत इंटरप्ट बंद ठेवायला हरकत नाही. त्यापुढे काम गेलं की वेगळा मार्ग शोधायचा. टायमरचा आउटपुट कंपेअर पिनला स्वतः हलवतो, त्यात सीपीयू कुठे अडकलाय याचा काही संबंध नसतो. एलईडी पट्टीसाठी एसपीआय (बिट ओळीने बाहेर पाठवणारा भाग) किंवा पीडब्ल्यूएम (हव्या रुंदीचे पल्स काढणारा भाग) डीएमएला (सीपीयूविना डेटा हलवणाऱ्या यंत्रणेला) जोडून वापरता येतो. आरपी २०४० सारख्या चिपमध्ये तर पिन हलवण्यासाठीच पीआयओ नावाची छोटी वेगळी यंत्रणा दिलेली आहे.

१ मिलिसेकंदासाठी टायमरमध्ये २५० भरायचे की २४९?

२४९. १६ मेगाहर्ट्झला ६४ ने भागलं की २,५०,००० ठोके प्रति सेकंद, म्हणजे १ मिलिसेकंदाला २५०. टायमर ० पासून मोजतो आणि ० हाही एक ठोका आहे. ० ते २४९ मिळून २५० होतात. २५० भरले तर प्रत्येक मिलिसेकंदाला ४ मायक्रोसेकंद जास्त जातात. टक्केवारीत हे ०.४ एवढंच, पण त्या चुकीवर चालणारं घड्याळ दिवसाला पावणेसहा मिनिटं मागे पडतं.

४९ दिवसांनी मिलिस शून्यावर येतो म्हणे. तेव्हा यंत्र बंद पडेल का?

कोड नीट लिहिला असेल तर काहीही होत नाही. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद मावतात, म्हणजे ४९ दिवस १७ तास आणि वर थोडी मिनिटं. मग मोजणी पुन्हा शून्यापासून.

चूक होते ती बेरीज करून तुलना केल्यावर: ‘आत्ताची वेळ, सुरुवात अधिक मुदत यापेक्षा मोठी झाली का?’ ती बेरीज उलटली की मुदत लगेच संपल्यासारखी वाटते. वजाबाकी करा: ‘आत्ताची वेळ वजा सुरुवात, ही मुदतीएवढी झाली का?’ आठ बिटांवर पडताळून पाहा. सुरुवात २५० ला झाली आणि आत्ता मोजणी उलटून ४ वर आली आहे. ४ वजा २५०, आठ बिटांच्या चिन्हरहित अंकगणितात, बरोबर १० येतात. आणि खरोखर १० च ठोके गेलेले असतात.

एक खाच मात्र आहे. सी भाषा लहान प्रकारांची वजाबाकी करताना त्यांना आधी इंट (चिन्हासह पूर्णांक) करून घेते. ३२ बिटांच्या चिपवर १६ बिटांचे काउंटर वजा केले तर उत्तर ऋण येऊ शकतं. उत्तर परत १६ बिटांच्या चिन्हरहित प्रकारात कास्ट केल्याशिवाय (बदलून घेतल्याशिवाय) तुलना करू नका.

आणि आठ बिटांच्या चिपवर तुमचा स्वतःचा ३२ बिटांचा काउंटर इंटरप्टमध्ये वाढत असेल, तर तो वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा. चार बाइट एकामागून एक वाचले जातात. दोन वाचून झाले आणि मध्येच काउंटर वाढला, तर अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा हातात येतो. ही चूक महिन्यातून एकदा दिसते आणि शोधायला आठवडा खाते.

दर १० मिलिसेकंदांनी काम करायचंय, पण वेळ हळूहळू घसरते.

काम करून मग १० थांबत असणार. काम ०.३ मिलिसेकंद खात असेल तर प्रत्येक फेरी १०.३ ची होते, आणि १००० फेऱ्यांना १० सेकंदांऐवजी १०.३ लागतात. पुढची वेळ ‘आत्ता अधिक १०’ अशी काढू नका, ‘मागची ठरलेली वेळ अधिक १०’ अशी काढा. मग एखादी फेरी उशिरा झाली तरी पुढची आपोआप जागेवर येते. फ्रीआरटॉस या आरटॉसमध्ये (कामं वेळेवर वाटून देणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये) साध्या टास्क-डिलेऐवजी ‘डिले अन्टिल’ हे वेगळं फंक्शन याच कामासाठी आहे.

आरटॉसला १ टिक थांबायला सांगितलं, तर कधीकधी लगेच परत येतं. असं कसं?

टिक म्हणजे आरटॉसच्या घड्याळाचा ठोका. तो कुठे पडतो यावर ते ठरतं. तुम्ही सांगितलंत आणि पुढचा टिक लगेच पडला, तर थांबणं जवळजवळ शून्य. १ टिक म्हणजे ० ते १ टिक. निदान १ मिलिसेकंद हवाच असेल, तर १ मिलिसेकंदाच्या टिकवर २ मागा.

एसटीएम३२ सारख्या चिपवर मायक्रोसेकंदांचा डिले कशाने करू?

कॉर्टेक्स-एम३ आणि पुढच्या बहुतेक चिपमध्ये सायकल मोजणारा ३२ बिटांचा काउंटर असतो, डीडब्ल्यूटी विभागातला. सुरुवातीचा आकडा वाचायचा आणि वजाबाकी हव्या तितक्या सायकलींएवढी होईपर्यंत फिरत राहायचं. ७२ मेगाहर्ट्झवर तो साधारण ६० सेकंदांनी उलटतो, तेव्हा लहान डिलेला भरपूर जागा आहे. कॉर्टेक्स-एम० मध्ये तो नसतो. तिथे एखादा मोकळा टायमर १ मेगाहर्ट्झवर चालू ठेवा.

या काउंटरची एक गोष्ट अनेकांना छळते. डीबगर (केबलने जोडून चिप तपासायचं साधन) जोडलेला असताना डिले चालतो, केबल काढली की प्रोग्राम तिथेच अडकतो. हा काउंटर ज्यावर अवलंबून असतो तो ट्रेस विभाग चालू करणारा बिट डीबगरने परस्पर लावलेला असतो. तो तुमच्या कोडमध्ये लावा, म्हणजे केबलशिवायही काउंटर चालेल.

अशा चिपवर सूचनांच्या सायकली हाताने मोजण्यात वेळ घालवू नका. एसटीएम३२एफ१०३ मध्ये ७२ मेगाहर्ट्झवर फ्लॅश (प्रोग्रामची मेमरी) वाचायला २ वेट स्टेट (थांबायच्या सायकली) लागतात, त्यावर पुढच्या सूचना आधीच आणून ठेवणारा प्रीफेच बफर. तोच लूप फ्लॅशमध्ये वेगळ्या पत्त्यावर गेला तरी त्याची वेळ बदलू शकते.

क्रिस्टल लावावाच का?

काय मोजताय त्यावर आहे. एटीमेगा ३२८पीचा आतला ऑसिलेटर कारखान्यातल्या जुळवणीवर १० टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. बटणाच्या डिबाउन्सला (दाबताना होणारी थरथर गाळायला) हे चालतं, सिरियल पोर्टला नाही. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० चुकणारा) क्रिस्टल १ सेकंदात फार तर २० मायक्रोसेकंद चुकतो, दिवसाला पावणेदोन सेकंद. महिनोन् महिने वेळ सांभाळायची असेल तर तापमानाची भरपाई करणारी डीएस ३२३१ सारखी आरटीसी (वेळ सांभाळणारी चिप) घ्या. तिची चूक ० ते ४० अंश सेल्सियसमध्ये २ पीपीएमच्या आत राहते.

सेन्सर सारखा ८५ अंश दाखवतोय. यात डिलेचा काय संबंध?

डीएस १८बी२० हा तापमानाचा सेन्सर असणार. १२ बिटांवर तापमान मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि वीज आल्याबरोबर त्याच्या रजिस्टरमध्ये ८५ हाच आकडा असतो. एकदा माझ्याकडून ७५० च्या जागी ७५ टाइप झालं होतं. मी वायरिंग बदललं, पुलअप रेझिस्टर बदलला, शेवटी सेन्सरही बदलला. कोडमधल्या त्या ओळीकडे सगळ्यात शेवटी पाहिलं.

पण ७५० मिलिसेकंद सीपीयू अडवून ठेवणंही बरोबर नाही. मोजायला सांगा, वेळ नोंदवा, बाकीची कामं करत राहा आणि मुदत भरली की वाचायला या. मात्र त्याच सेन्सरशी बोलताना बिट वाचायचे ते स्लॉट (एका बिटासाठी ठरलेला वेळ) सुरू झाल्यापासून १५ मायक्रोसेकंदांच्या आत. एकाच सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये पहिली गरजही आहे आणि तिसरीही. त्या १५ मायक्रोसेकंदांपुरतेच इंटरप्ट बंद करा.

डिले खरोखर किती झाला हे कसं मोजू?

पिन वर करा, डिले घ्या, पिन खाली करा, आणि लॉजिक ॲनालायझर लावा. २४ मेगाहर्ट्झचा साधा ॲनालायझर सुमारे ४२ नॅनोसेकंदांच्या पायऱ्यांनी पाहतो, मायक्रोसेकंदांसाठी तेवढं पुरेसं आहे. पिन हलवायचा खर्च वजा करायला विसरू नका. आर्डुइनोचं डिजिटलराइट काही मायक्रोसेकंद खातं, तर पोर्टचा बिट थेट लावणारी एसबीआय २ सायकलींत संपते. आधी डिले न घेता पिन वर-खाली करून ती रुंदी टिपून ठेवा.

एक पल्स मोजून थांबू नका. ऑसिलोस्कोपवर पर्सिस्टन्स (आधीच्या रेषा पडद्यावर टिकवून ठेवणारी सोय) चालू करून बोर्ड दहा मिनिटं तसाच चालू द्या, आणि त्या वेळात सिरियलवर डेटा पाठवा, बटणं दाबा, असतील नसतील ते सगळे इंटरप्ट येऊ द्या. पल्सची खाली येणारी कड एका रेषेत राहिली तर डिले पक्का. ती धूसर पट्ट्यासारखी पसरली तर त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे तुमचा जिटर. डेटाशीटमधल्या किमान आणि कमाल मर्यादांशी ताडून पाहायची ती हीच रुंदी.